मेंदूचे दप्तर कोणासाठी?

विज्ञानाच्या एखाद्या प्रकल्पावर मोठा खर्च होऊन गेला, की त्याच्या अखेरीस एक प्रश्न हमखास येतो : याचा उपयोग काय? युरोपातील ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ला हा प्रश्न दहा वर्षे विचारला गेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. त्यावर सुमारे ६० कोटी युरो खर्च झाले; त्यांपैकी सुमारे ४० कोटी युरोपीय संघाने दिले. संपताना प्रकल्पाचे उत्तर असे होते, की मेंदू समजून घेण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, म्हणजे मेंदूचे नकाशे, महासंगणक, मेंदूच्या धर्तीवर बनवलेल्या चिप, रुग्णांच्या माहितीची भांडारे, ती आता उद्योगांना, यंत्रमानव बनवणाऱ्यांना आणि डॉक्टरांना वापरता येईल. ‘ईब्रेन्स’ या नावाने ही यंत्रणा प्रकल्पानंतरही चालू ठेवण्यात आली.

दावा ऐकायला चांगला आहे. उद्योग, यंत्रमानव आणि वैद्यक ही तीन नावे एका दमात घेतली, की ऐकणाऱ्याला वाटते, तिन्ही ठिकाणी सारखाच लाभ होणार. आमचे मत तसे नाही. या तीन क्षेत्रांत मेंदू-संशोधनाचा उपयोग फार वेगवेगळ्या रीतींनी झाला आहे, काही ठिकाणी झालेला नाही, आणि जेथे तो सर्वांत अधिक व्हायला हवा तेथे अडचण महासंगणकाची नाही.

हे तपासायला आम्ही मुद्दाम झुरिच किंवा बंगळूर न घेता नांदुरा घेतो. बुलढाणा जिल्ह्यातले, मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. महामार्गाने जाणाऱ्याला ते १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीमुळे आठवते. आजूबाजूचा मुलूख कापसाचा. मलकापूर, खामगाव, नांदुरा हा सारा पट्टा जिनिंग-प्रेसिंगचा. म्हणजे येथे उद्योग आहे, यंत्रमानवाने करावे असे म्हटले जाणारे काम आहे, आणि कोणत्याही गावात असतात तसे मेंदूच्या विकारांचे रुग्ण आहेत. युरोपातल्या यंत्रणेचे तिन्ही गिऱ्हाईक एका तालुक्यात सापडतात. दावा येथे कितपत टिकतो ते पाहू.

गाव उभे करायचे होते

प्रथम या यंत्रणेचा इतिहास. हेन्री मार्क्रम हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २००५ पासून ‘ब्लू ब्रेन’ नावाचा प्रकल्प चालवत होते. उंदराच्या मेंदूच्या एका बारीकशा भागातील प्रत्येक चेतापेशी संगणकात उभी करायची, हे त्यांचे काम. २००९ मध्ये ऑक्सफर्ड येथील एका व्याख्यानात त्यांनी दहा वर्षांत मानवी मेंदू संगणकात उभा करता येईल असे सांगितले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये मोठ्या रकमेसाठी ज्या दोन प्रकल्पांची निवड केली, त्यांतला एक मार्क्रम यांच्या नेतृत्वाखालचा होता.

भांडण लगेच सुरू झाले. जुलै २०१४ मध्ये युरोपातील मेंदूशास्त्रज्ञांनी युरोपीय आयोगाला एक खुले पत्र लिहिले. त्यावर शेकडो सह्या झाल्या. बोधन, स्मृती, लक्ष अशा प्रक्रियांवर काम करणाऱ्या गटांना प्रकल्पाच्या मुख्य आराखड्यातून वगळले होते. शिवाय एवढा पैसा एका फार अरुंद कल्पनेवर लावला जात आहे, असा आक्षेप होता. लवाद नेमला गेला, २०१५ मध्ये कार्यकारी मंडळ बदलले, मार्क्रम बाजूला झाले. त्याच वर्षी ‘ब्लू ब्रेन’ने आपले काम प्रसिद्ध केले : उंदराच्या मेंदूच्या बाह्यकातील सुमारे ३१ हजार चेतापेशींची संगणकीय प्रतिकृती. काम कष्टाचे आणि प्रामाणिक होते. पण मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत.

संख्या हा यातला लहान भाग आहे. खरी अडचण शिक्षकांना एका उदाहरणाने वर्गात सांगता येईल. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा कृमी असतो. त्याच्या प्रौढ उभयलिंगी जिवात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात. या सर्व पेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये छापला गेला. ३०२ पेशी म्हणजे आजच्या साध्या फोनलाही काहीच नाही. तरीही हा कृमी संगणकात जसाच्या तसा वळवळू, शिकू, भुकेला होऊ शकलेला नाही. कारण जोडणी कोणती हे नकाशा सांगतो. ती जोडणी किती जोरकस, उत्तेजन देणारी की दाबणारी, कोणत्या रसायनाच्या सान्निध्यात बदलणारी, हे सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक चेतासंधी. हे मोठेच काम आहे, पण ज्या दिवशी नकाशा मिळाला त्या दिवशी माशी मिळाली असे कोणी समजू नये.

मग दहा वर्षांनी युरोपच्या हाती काय लागले? आमच्या मते एक अतिशय उपयुक्त, पण वाजतगाजत न सांगितली जाणारी वस्तू. महसूल खात्याशी ज्याचा कधी संबंध आला आहे त्याला ती चटकन समजेल. गावात गावनकाशा असतो. नकाशावर प्रत्येक तुकड्याला गट क्रमांक असतो. मग जमिनीचा मालक, पीक, विहीर, बोजा, जे काही नोंदायचे ते त्या क्रमांकापुढे नोंदले जाते. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वर्षी केलेल्या नोंदी एकाच तुकड्याच्या आहेत हे त्या क्रमांकामुळे कळते. मेंदूच्या बाबतीत अशी सोय फार काळ नव्हती. एका प्रयोगशाळेतला ‘अमुक भाग’ आणि दुसरीतला ‘अमुक भाग’ एकच आहे की नाही, याची खात्री नसे. जर्मनीतील यूलिश येथे कॅट्रिन आमुन्ट्स यांच्या गटाने मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचे पातळ काप काढून, पेशींच्या रचनेवरून भागांच्या सीमा आखल्या. एका व्यक्तीत सीमा जेथे पडते तेथेच दुसऱ्या व्यक्तीत पडत नाही, म्हणून २३ मेंदूंवरून सरासरी आणि शक्यता मांडली. २०२० मध्ये हा नकाशा प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१३ मध्ये याच गटाने कॅनडातील शास्त्रज्ञांसह एका ६५ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूचे ७,४०४ काप करून तो संपूर्ण मेंदू २० मायक्रोमीटर इतक्या बारकाईने संगणकात उतरवला होता.

थोडक्यात, संगणकात गाव वसवायला निघालेला प्रकल्प अखेर तलाठ्याचे दप्तर लावून थांबला. आम्ही हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. दप्तर नीट लावणे हे मोठे काम आहे. मात्र ज्यासाठी पैसे मागितले ते, आणि जे हाती आले ते, यांतला फरक लपवून ‘उपयोग’ सांगितले, की ऐकणाऱ्याची फसगत होते.

चिप आणि पिठाची गिरणी

उद्योगाची गोष्ट आधी घेऊ. माणसाचा मेंदू सुमारे २० वॅट शक्तीवर चालतो. मँचेस्टर येथे स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने ‘स्पिनेकर’ नावाचे यंत्र बांधले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यात दहा लाख संगणन-गाभे एकाच वेळी चालू झाले. मानवी मेंदूच्या सुमारे एक टक्का इतक्या, त्याही अगदी साध्या केलेल्या, चेतापेशींचे काम प्रत्यक्ष वेळेत करून दाखवणे हे त्याचे उद्दिष्ट. त्याला सुमारे १०० किलोवॅट लागतात. दहा अश्वशक्तीची पिठाची गिरणी साडेसात किलोवॅट घेते. म्हणजे अशा तेरा गिरण्या एकदम चालल्यासारखे. मेंदू मात्र एका मिणमिणत्या बल्बाइतक्या विजेवर पूर्ण शंभर टक्के काम करतो.

हा फरक पाहून चिप बनवणाऱ्यांना मेंदूचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. चेतापेशी सतत बोलत नाही. सांगण्यासारखे असेल तेव्हाच एक स्पंद पाठवते. शिवाय स्मृती आणि गणन यांची जागा मेंदूत वेगळी नसते, त्यामुळे माहितीची ने-आण वाचते. साध्या संगणकात वीज मुख्यतः या ने-आणीतच जाते. आयबीएमने २०१४ मध्ये दहा लाख चेतापेशींची नक्कल करणारी ‘ट्रूनॉर्थ’ चिप दाखवली. ती सुमारे ७० मिलिवॅटवर चालत असे. मुंबईत आयआयटीमध्ये उदयन गांगुली यांच्या गटाने सिलिकॉनच्या चिपवर अशी कृत्रिम चेतापेशी बनवण्याचे काम केले आहे. तिच्यात अडथळ्यातून सुरुंगासारख्या वाटेने झिरपणारा अतिशय क्षीण विद्युतप्रवाह मुद्दाम वापरला आहे. अभियंते एरवी ज्या गळतीला शत्रू मानतात तिलाच कामाला लावायचे, ही कल्पना आम्हाला फार आवडते.

तरीपण कारखान्यात आणि फोनमध्ये आज जी कृत्रिम बुद्धिमत्ता दिसते, ती या यंत्रांवर वाढलेली नाही. ती खेळाच्या चित्रांसाठी बनवलेल्या चित्र-प्रक्रिया चिपवर वाढली. तिच्यामागे मेंदूचा हात आहे, पण तो फार जुना. मॅकलक आणि पिट्स यांनी चेतापेशीची गणिती कल्पना १९४३ मध्ये मांडली. ह्यूबेल आणि वीझल यांनी १९५९ पासून मांजराच्या दृष्टी-बाह्यकातील पेशी रेषेच्या कलाला प्रतिसाद देतात हे दाखवले. त्यावरून जपानच्या फुकुशिमा यांनी १९८० मध्ये थरांची जाळी रचली. म्हणजे आजच्या उद्योगाने मेंदूकडून जे उसने घेतले ते एका सूक्ष्म विद्युताग्राने, एका मांजरावर, दोन चिकाटीच्या माणसांनी केलेल्या कामातून आले. मोठी यंत्रणा नंतरची.

वऱ्हाडाच्याच मातीतले एक उदाहरण येथे ताडून पाहता येते. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. अमेरिकेने प्रगत ‘क्रे’ महासंगणक देण्याचे नाकारल्यावर हा उद्योग हाती घेतला गेला. तेथे गरज आधी ठरली होती आणि यंत्र नंतर आले. प्रयोगशाळेत यंत्र आधी आले आणि मग गिऱ्हाईक शोधले, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? जिनिंगच्या मालकाला रुईतला कचरा ओळखणारा कॅमेरा हवा असतो. तो बाजारात मिळतो, आणि त्यात स्पंदांची चिप आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

कापूस वेचणारा हात

यंत्रमानवाबाबत आमची तक्रार वेगळी आहे. प्रकल्पाने ‘न्यूरोरोबोटिक्स’ नावाची सोय केली होती : संगणकातल्या मेंदूला संगणकातलेच शरीर जोडायचे आणि ते शरीर चालताना काय होते ते पाहायचे. तत्त्व बरोबर आहे, कारण शरीराशिवाय मेंदू हा अर्धाच विषय. पण यंत्रमानव कामाला लावण्याच्या दृष्टीने पाहिले, तर नांदुऱ्याच्या शिवारात काय दिसते?

कापूस वेचणारी बाई उमललेले बोंड नजरेने निवडते, पाकळ्यांच्या टोकदार कडा टाळून चिमटीने रुई ओढते, पालापाचोळा मागे ठेवते, आणि तेवढ्यात डोळा पुढच्या बोंडावर गेलेला असतो. पिकात सगळी बोंडे एकदम फुटत नाहीत; म्हणून तीन-चार वेचण्या होतात. डोळा, बोटांची त्वचा, लहान मेंदू आणि अनुभव यांचे हे एकत्रित काम यंत्राला अतोनात अवघड आहे. मग अमेरिकेत १९४० च्या दशकापासून कापूस यंत्राने कसा वेचला जातो? त्या यंत्राने वेचणाऱ्या हाताची नक्कल केली नाही. त्याने फिरत्या काटेरी चात्या लावल्या, आणि पीक यंत्राच्या सोयीने बदलले : सारख्या उंचीची, दाट लावलेली, एकदम फुटणारी झाडे, आणि वेचणीआधी पाने गाळणारे रसायन. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही दाट लागवडीवर काम करते, त्यामागे हेही एक कारण आहे.

यंत्रीकरणाचा इतिहास बहुतेक असाच आहे. यंत्र मेंदूसारखे होण्याऐवजी शेत किंवा कारखाना यंत्रासारखा केला जातो. मेंदू-संशोधनातून यंत्रमानव येतील असे सांगणारे हा इतिहास वगळतात. आणि वेचणीच्या मजुरीवर ज्यांचे दिवाळीनंतरचे चार महिने चालतात, त्या बायकांचा प्रश्न अशा लेखांत कोठेही येत नाही.

मेंदूकडून यंत्रमानवाने खरोखर काही घेतल्याचे एक सुंदर उदाहरण मात्र आहे. सहारातील एक मुंगी अन्न शोधत वेडीवाकडी दूर जाते आणि परतताना सरळ रेषेत बिळाकडे येते. वाळू तापलेली असल्याने गंधाची वाट टिकत नाही. रूडिगर वेनर यांनी ट्युनिशियात वर्षानुवर्षे या मुंग्यांचा पाठपुरावा करून दाखवले, की त्या आकाशातील ध्रुवित प्रकाशावरून दिशा ठरवतात आणि चाललेले अंतर जमेस धरतात. फ्रान्समधील मार्सेय येथील गटाने त्यावरून सहा पायांचा ‘अँटबॉट’ बनवला. २०१९ मध्ये तो उपग्रहाच्या मदतीवाचून सुमारे १४ मीटर भटकून एखाद्या सेंटिमीटरच्या चुकीने घरी आला. यासाठी लागली होती एका माणसाची चिकाटी, आणि मुंगीकडे पाहण्याची सवड. ध्रुवित प्रकाशाचा प्रयोग दोन ध्रुवणपट्ट्या घेऊन कोणत्याही शाळेत करता येतो.

रुग्णाचा मेंदू

आता वैद्यक. येथे दावा सर्वांत जोरकस आहे, आणि येथेच आम्हाला अधिक बोलायचे आहे.

अपस्मार, म्हणजे फिट येणे किंवा मिरगी, हा विकार घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना तो आहे; त्यांतले सुमारे ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य औषधाने ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. उरलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो : मेंदूत फिट जेथून उठते तो भाग शोधून काढून टाकायचा. नेमका भाग शोधणे हीच कसोटी.

मार्सेयच्याच व्हिक्टर यिर्सा यांच्या गटाने यासाठी ‘आभासी रुग्ण’ तयार केला. रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूचे भाग आणि त्यांना जोडणारे तंतू काढायचे, प्रत्येक भागाला फिटेचे गणिती समीकरण द्यायचे, मेंदूत बसवलेल्या विद्युताग्रांच्या नोंदींशी ते जुळवायचे, आणि मग कोणता भाग काढला तर फिट पसरणार नाही हे संगणकावर पाहायचे. फ्रान्समधील अनेक रुग्णालयांत ३५६ रुग्णांवर त्याची चाचणी घेण्याची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. आम्हाला हे काम प्रकल्पातले सर्वांत मोलाचे वाटते. कारण येथे ‘सगळा मेंदू समजला’ असे कोणी म्हणत नाही. एका रुग्णाचा एक प्रश्न विचारला जातो आणि उत्तर चुकले की बरोबर हे शस्त्रक्रियेनंतर कळते.

पण त्याच्या शेजारी दुसरे एक काम ठेवून पाहावे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात; त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. के. राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीलाच एक व्यावहारिक निर्णय घेतला. मेंदूत विद्युताग्रे खुपसण्याची गरज ज्यांना पडणार नाही, असे रुग्ण आधी निवडायचे. डोक्याच्या त्वचेवरून घेतलेला विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, फिट येतानाचे व्हिडिओ चित्रण आणि साधा एमआरआय यांनी जर एकाच बाजूच्या शंखखंडाकडे बोट दाखवले, तर शस्त्रक्रिया. अशा शस्त्रक्रियेचा लाभ किती हे कॅनडातील एका काटेकोर चाचणीने २००१ मध्ये दाखवले होते : ८० रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया करण्याचे ठरले, निम्म्यांना औषधच दिले, वर्षाअखेर भान हरपवणाऱ्या फिटेतून मुक्त झालेले पहिल्या गटात ५८ टक्के आणि दुसऱ्यात ८ टक्के. तिरुअनंतपुरमला आभासी रुग्ण नव्हता. प्रशिक्षित माणसे, नीट ठेवलेल्या नोंदी आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. त्यालाही आम्ही मेंदू-संशोधनाची यंत्रणाच म्हणतो.

कंपवातावरील मेंदू-उत्तेजनाची कथाही अशीच आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात भेसळीच्या अमली पदार्थाने काही तरुणांना एकाएकी कंपवात झाला. तो पदार्थ माकडांना देऊन मेंदूतील कोणती मंडले बिघडतात हे कळले. १९८७ मध्ये ग्रनोबल येथे बेनाबिद यांना शस्त्रक्रियेदरम्यान दिसले, की वेगवान विद्युत स्पंद दिल्यास कंप थांबतो. हृदयासाठी तयार झालेले पेसमेकरचे तंत्र मेंदूला लावले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात परेश दोशी यांनी हे उपचार आपल्याकडे सुरू केले. रोग्याचे निरीक्षण, प्राण्यांवरील प्रयोग आणि दुसऱ्या उद्योगातले तयार यंत्र यांचा हा मेळ होता. उपकरणाचा खर्च लाखांत, आणि बसवल्यावर स्पंदांची मात्रा जुळवायला पुनःपुन्हा फेऱ्या. नांदुऱ्याहून मुंबई पाचशेहून अधिक किलोमीटर आहे.

आता नांदुऱ्यातली एखादी चौथीची मुलगी डोळ्यांपुढे आणा. वर्गात मध्येच दहा-पंधरा सेकंद ती शून्यात पाहते, पापण्या फडफडतात, हाक ऐकू येत नाही, आणि मग काही झालेच नाही अशी ती पुढे लिहू लागते. दिवसात असे अनेकदा होते. पडत नाही, फेस येत नाही, म्हणून कोणाला फिट वाटत नाही. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नसते’ असा शेरा पडतो. हा अपस्माराचाच एक प्रकार असू शकतो. त्याच्या ईईजीत सेकंदाला तीन या गतीने विशिष्ट लहरी दिसतात हे १९३५ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. मुलीला दोन-तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला, की बहुधा तो झटका डॉक्टरांसमोरच येतो. बऱ्याच मुलांत औषधाने तो थांबतो. यातले काहीही नवे नाही. अल्प उत्पन्नाच्या देशांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना आवश्यक उपचार मिळत नाहीत, असे आरोग्य संघटनाच सांगते. कारणे आपल्याला माहीत आहेत : मेंदूविकारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले, औषध मध्येच बंद करण्याची सवय, मुलीचे लग्न मोडेल ही भीती, आणि कांदा हुंगवण्यासारखे उपाय. (फिट आलेल्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यावे, एवढे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवे.)

वैद्यकातील दुसरी बाब दप्तराची. मेंदूच्या एमआरआयची तुलना ज्या प्रमाण नमुन्याशी जगभर केली जाते, त्यांतला एक सर्वांत प्रचलित नमुना कॅनडातील माँट्रियल येथे १५२ निरोगी तरुणांवरून बनला. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेने २०१९ मध्ये भारतीयांच्या मेंदूचा नमुना प्रसिद्ध केला, तेव्हा तो सरासरी लांबी, रुंदी आणि आकारमान यांत पाश्चात्त्य आणि पूर्व आशियाई नमुन्यांपेक्षा लहान निघाला. यावरून बुद्धीविषयी काहीही ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. ठरते ते एवढेच : स्मृतिभ्रंशात मेंदू आक्रसतो, आणि ‘किती आक्रसला’ हे परक्या मापाने मोजले तर निरोगी माणूसही आजारी दिसू शकतो. दप्तर कोणाच्या गावचे, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष निदानापर्यंत येतो.

या बाबतीत आपल्याकडे काम सुरू झाले आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. चेन्नईच्या आयआयटीने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भातील मानवी मेंदूच्या ५,१३२ कापांची ‘धरणी’ नावाची चित्रमाला सर्वांसाठी खुली केली. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतील पाच मेंदूंचे हे काप आहेत. ज्या शाळेत संगणक आणि जोडणी आहे तेथे बारावीच्या जीवशास्त्राच्या तासाला ते पडद्यावर उघडता येतात, आणि त्यासाठी कोणाला काही द्यावे लागत नाही. ‘मेंदूचा उजवा भाग जागा करतो’, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशनने डोळे बांधून वाचायला शिकवतो’ असे सांगून हजारो रुपये घेणारे वर्ग आपल्याकडे गावोगाव निघाले होते. त्यांच्या जाहिरातीतले मेंदूचे रंगीत चित्र आणि हे खरे काप विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून पाहावेत.

युरोपीय यंत्रणेचे अनुकरण करायचेच असेल, तर आम्ही तिच्यातला महासंगणक मागणार नाही. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ईईजीचे यंत्र, ते चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ, आणि तो आलेख दूरच्या तज्ज्ञाला वाचता येईल अशी सोय, एवढे मागू. यात एक बारीक खोच आहे. अनेक कंपन्यांची यंत्रे नोंद आपापल्या स्वतंत्र स्वरूपात साठवतात. ती उघडायला त्याच कंपनीचा प्रोग्राम लागतो. यंत्र बदलले, कंपनी बंद पडली, की जुन्या नोंदी कपाटात पडून राहतात. अशा आलेखांसाठी युरोपातील काही अभियंत्यांनी १९९२ मध्ये ‘ईडीएफ’ नावाचे एक साधे, सर्वांना मोकळे स्वरूप ठरवले. ते आजही वापरात आहे आणि कोणत्याही साध्या संगणकावर वाचता येते. रुग्णाचे नाव काढून, संमती घेऊन अशा नोंदी एकत्र ठेवल्या, तर वऱ्हाडातल्या मुलांच्या आलेखांचे दप्तर दहा वर्षांत उभे राहील. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमतीचा प्रश्न आता टाळताही येणार नाही.

ईईजी यंत्राच्या खरेदीची निविदा निघते तेव्हा तिच्यात विद्युताग्रांची संख्या, हमीची वर्षे आणि दुरुस्तीच्या अटी लिहिलेल्या असतात. त्यांत आणखी एक अट घालावी : यंत्रातून नोंद ईडीएफ स्वरूपात निघाली पाहिजे. तिला वेगळा खर्च येऊ नये.